अर्ज शनिवारच्या आत

अगं, आधी अर्ज कर. रेझ्युमे, लिंक्डइन, ओळखीपाळखीच्यांना फोन, हे सगळं त्यानंतर. कॅलिफोर्नियात बेकारी भत्त्याचा क्लेम ज्या आठवड्यात अर्ज भरशील, त्या आठवड्याच्या रविवारपासून धरतात. परवाचा शुक्रवार तुझा कामाचा शेवटचा दिवस होता, म्हणजे या रविवारपासूनचा आठवडा तुझा पहिला. शनिवारच्या आत कधीही अर्ज गेला तरी क्लेम रविवारपासूनच लागतो. तोच पुढच्या सोमवारी गेला तर एक अख्खा आठवडा हातचा गेला. मागची तारीख लावून मागता येते, पण त्याला सबळ कारण दाखवावं लागतं, आणि धक्क्यात राहून गेलं एवढ्यावर भागेलच असं नाही. त्यातून पहिल्या पात्र आठवड्याचे पैसे मिळतच नाहीत, तो ‘वेटिंग पीरियड’. तो जितक्या लवकर मागे पडेल तितकं बरं.

माझी सगळी नोकरी साउथ बेमधल्या कंपन्यांच्या पेरोलमध्ये गेली. डॉट-कॉमवाले बुडाले तेव्हा आणि २००८ नंतरच्या मंदीत लोकांचे शेवटचे पगार मी काढलेत. निवृत्त झाल्यापासून आपल्या मराठी मंडळातली मुलं-मुली हेच कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्यातली बहुतेक तुझ्यासारखीच, शिकलेली, हुशार. ती अडकतात कारण अर्जाला ती किरकोळ समजतात आणि साधारण बरोबर असेल ते लिहून मोकळी होतात. ईडीडी, म्हणजे बेकारी भत्ता देणारं राज्याचं खातं, साधारण बरोबर काही ओळखत नाही. त्याला नाव, तारीख, रक्कम आणि कारण एवढंच कळतं, आणि ही चारही तुझ्या कंपनीने कळवलेल्याशी आणि सरकारी नोंदींशी जुळावी लागतात. पुढे मी जे काही सांगणार आहे ते या चार गोष्टींभोवतीच आहे.

मागायला तुला संकोच वाटतोय हे फोनवर तुझ्या आवाजातच कळलं. बाळा, हे दान नाही. १९३५च्या सोशल सिक्युरिटी ॲक्टपासून चालत आलेला हा विमा आहे आणि त्याचे पैसे तुझ्या कंपनीने भरलेत. कॅलिफोर्नियात दर कामगाराच्या वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर मालक हा कर देतो. तुझ्या पे-स्टबवर ‘सीए एसडीआय’ अशी कपात दिसते ती याची नव्हे, ती आजारपणाच्या आणि कौटुंबिक रजेच्या विम्याची. न्यू जर्सीत तुझ्या चुलत भावाच्या पगारातून मात्र बेकारी विम्यासाठीही थोडे पैसे कापतात. राज्य बदललं की नियम बदलतात, म्हणून या बाबतीत त्याचा सल्ला तू घेऊ नकोस आणि माझा त्याला देऊ नकोस.

किती मिळतील? आठवड्याला कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त ४५० डॉलर. हा ४५०चा आकडा २००५पासून हललेला नाही आणि फ्रीमाँटमध्ये आज तेवढ्यात घरभाडंही निघत नाही. मला याचा मनापासून राग येतो, पण तरी हे पैसे सोडू नकोस. तुझ्या पगाराला ४५०च लागतील, आणि पूर्ण क्लेम २६ आठवड्यांचा धरला तर ते ११,७०० डॉलर होतात. हिशेब कुठल्या पगारावर करतात ते एकदा समजून घे. चालू तिमाही आणि तिच्या लगतची मागची तिमाही सोडून त्याआधीच्या चार तिमाह्या. एप्रिल ते जून या काळात क्लेम केलास तर मागचं अख्खं कॅलेंडर वर्ष मोजतात. तुझी नोकरी सलग होती म्हणून तुला फरक पडत नाही. बाळंतपणानंतर नुकतीच कामावर परतलेली एखादी मैत्रीण असेल तर तिला सांग, या हिशेबात ती बसत नसेल तर अलीकडच्या तिमाह्या धरून पर्यायी हिशेब होतो. अर्जानंतर जी ‘अवॉर्ड नोटीस’ येईल तिच्यावर प्रत्येक तिमाहीचा पगार छापलेला असतो. तो तुझ्या पे-स्टबशी ताडून बघ. एखाद्या कंपनीचा पगार गायब असेल तर डब्ल्यू-टू आणि स्टब जोडून लगेच हरकत घे.

आता नाव. आपल्याकडच्या बायकांचे क्लेम इथे जेवढे अडकलेले मी पाहिलेत तेवढे दुसऱ्या कशात नाहीत. मंडळातल्या एका मुलीचे कागद मी आमच्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून घेतले होते. पासपोर्टवर तिचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. सोशल सिक्युरिटी कार्ड लग्नाआधी विद्यार्थिनी असताना काढलेलं, त्यावरही तेच. ग्रीन कार्ड लग्नानंतरचं, म्हणून मधे नवऱ्याचं नाव आणि शेवटी सासरचं आडनाव. लायसन्सवर पहिलं आणि मधलं नाव एकाच रकान्यात चिकटवलेलं. आणि ऑफिसात सगळे हाक मारत ते घरचं छोटं नाव कंपनीच्या पेरोलमध्ये चढलेलं. बाई एकच, पण संगणकाच्या दृष्टीने चार. अशा वेळी अर्ज पुढे सरकत नाही, ओळख पटवायला सांगतात, आणि करोनानंतर तर ही तपासणी फारच कडक झाली. २०२१च्या सुरुवातीला खोट्या दाव्यांच्या संशयावरून या राज्याने सुमारे १४ लाख क्लेम एका दमात थांबवले होते आणि त्यात खरी माणसंही भरडली गेली.

म्हणून तू असं कर. सगळी ओळखपत्रं काढ आणि प्रत्येकावर नाव अक्षरशः कसं आहे ते एका कागदावर लिही, स्पेलिंगसकट, मधलं नाव आहे की नाही यासकट. अर्जात नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं आहे तसंच भर. ‘आधी वापरलेली इतर नावं’ असा प्रश्न येतो, तिथे माहेरचं नाव आणि पेरोलवरचं नाव दोन्ही दे. तो प्रश्न तुझ्यासारखीसाठीच आहे, रिकामा सोडू नकोस. लग्नाचा दाखला मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर करून ठेव. आणि तारखा! आपल्या दाखल्यांवर आधी दिवस मग महिना, इथे आधी महिना मग दिवस. ५ ऑगस्टचा ८ मे झाला की जन्मतारीखच जुळत नाही. ओळख पटवायच्या ‘आयडी डॉट मी’ या साइटवर फोटो मागतील तेव्हा लायसन्स गडद कापडावर ठेवून चारही कोपरे दिसतील असा काढ, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. चकाकीमुळे एक अक्षर पुसट आलं तरी परत पाठवतात.

मालकाबद्दल दोन प्रश्न येतात. ‘शेवटचा मालक’ म्हणजे अगदी शेवटचा. मोठ्या नोकरीनंतर कुणी दोन आठवडे एखाद्या क्लासमध्ये शिकवलं असेल, तर तो क्लास हा शेवटचा मालक. लोक सवयीने मोठ्या कंपनीचं नाव घालतात आणि तिथे गाडी रुतते. बाकी गेल्या १८ महिन्यांतले सगळे मालक, त्यांचे पत्ते, तारखा, पगार. पत्ता पे-स्टबवरचा घाल, तू बसायचीस त्या इमारतीचा नव्हे.

दुसरा प्रश्न नोकरी का गेली. तुझा सरळ ले-ऑफ आहे, म्हणून तेवढंच लिही: काम नसल्यामुळे कमी केलं. मॅनेजर कसा वागला, टीममध्ये काय चाललं होतं, यातलं अक्षरही नको. कंपनीने नोकरीतला बदल लेखी कळवायला हवा, तसा इथला कायदा आहे. ते पत्र आणि ‘फॉर युअर बेनिफिट’ नावाचं ईडीडीचं पत्रक तुला मिळालं का बघ. नसेल तर एचआरकडून मागून घे आणि शेवटची तारीख त्या पत्रावरचीच वापर. सेव्हरन्स मिळालं म्हणून भत्ता कापत नाहीत, पण विचारलं तर ते लपवायचं नाही. एक मात्र तुझ्या मैत्रिणींना बजावून सांग. कंपनी गोड बोलून ‘राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील’ असं म्हणते तेव्हा सही करायच्या आधी थांबा. स्वतःहून नोकरी सोडली की सबळ कारण दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. नवऱ्याची बदली झाली आणि रोज येजा करता येणार नाही अशा गावी त्याच्याबरोबर जावं लागलं, हे कॅलिफोर्नियात सबळ कारण धरतात. हे आपल्या कितीतरी बायकांना ठाऊकच नसतं आणि त्या अर्जच करत नाहीत.

काम जमलं नाही म्हणून काढलं, तरीही हक्क जात नाही. गैरवर्तन वेगळं आणि प्रामाणिकपणे प्रयत्न करूनही कमी पडणं वेगळं, हा फरक इथला कायदा मानतो. मंडळातल्या एका मुलाला कामगिरी सुधारण्याच्या प्लॅनवर ठेवून मग काढलं, आणि कंपनीने ईडीडीला कळवलं की वारंवार सांगूनही त्याने ऐकलं नाही. भत्ता नाकारला गेला. बिचारा म्हणाला, मावशी, जाऊ दे. मी म्हटलं, जाऊ द्यायचं नाही. नाकारल्याच्या पत्रावर टपालाची तारीख असते, तिच्यापासून ३० दिवसांत अपील करायचं. सोबत फॉर्म असतो, तो नाही सापडला तर साधं पत्र चालतं. अपील ऐकतात ते वेगळ्या अपील बोर्डाचे न्यायाधीश, बहुतेक फोनवरच. सुनावणीआधी आपली फाइल बघायला मिळते, ती मागवली. कंपनीने काय लिहिलंय ते त्यात शब्दशः होतं. मग त्याच्या प्लॅनच्या प्रत्येक आठवड्याचे ईमेल तारखेप्रमाणे लावले, कुठे काम वेळेत दिलं, कुठे मदत मागितली, कुठे उत्तरच आलं नाही. सुनावणीत तो जेमतेम काही मिनिटं बोलला, पण प्रत्येक वाक्यासमोर कागद होता. निकाल त्याच्या बाजूने लागला आणि अडकलेल्या सगळ्या आठवड्यांचे पैसे मिळाले, कारण अपील चालू असतानाही तो दर दोन आठवड्यांनी सर्टिफाय करत राहिला होता. हरला असता तरी वर आणखी एक अपील होतंच. इंग्रजी फोनवर घाबरवत असेल तर दुभाषा फुकट मागता येतो. आपल्या आई-वडिलांच्या वयाची माणसं इथे दुकानांतून काम करतात, त्यांना हे आवर्जून सांग.

सर्टिफाय करणं म्हणजे दर दोन आठवड्यांनी ठरावीक प्रश्नांना उत्तरं देणं. पैसे यावर येतात, अर्जावर नाही. प्रश्न दिसायला सोपे आहेत. आजारपणामुळे काम करता आलं नसतं असा एखादा दिवस होता का? दुसऱ्या कारणाने पूर्णवेळ काम स्वीकारता आलं नसतं का? काम शोधलं का? एखादं काम नाकारलं का? शाळा किंवा ट्रेनिंग सुरू केलं का? काम केलं किंवा पैसे कमावले का, मग ते हातात आले असोत वा नसोत?

शेवटच्या प्रश्नावर नीट थांब. पैसे ज्या आठवड्यात केलेल्या कामाचे, त्या आठवड्यात दाखवायचे, आणि कर कापायच्या आधीची पूर्ण रक्कम दाखवायची. वीकएंडला कुणाचं कॅटरिंग सांभाळलंस, कुणाला कोडिंग शिकवलंस, तर तेही. दाखवल्याने नुकसान होत नाही असं बघ: आठवड्यात २०० डॉलर कमावलेस तर त्यातले ५० सोडून देतात आणि १५० भत्त्यातून वजा करतात, म्हणजे ४५०चे ३०० मिळतात आणि तुझे २०० वेगळे. सूट कमाईच्या पाव भागाची किंवा २५ डॉलरची, जी जास्त असेल ती. जो भाग कापला तो क्लेममध्ये शिल्लक राहतो.

दुसरा प्रश्न भारताच्या फेरीत आडवा येतो. नोकरी नाही तर तेवढ्यात पुण्याला जाऊन येऊ, असं सगळ्यांच्याच मनात येतं. जा, आईला बरं वाटेल. पण तू तिथे आहेस तेव्हा इथल्या कामाला उपलब्ध नाहीस, आणि उत्तर खरं द्यायचं. त्या आठवड्यांचे पैसे मिळणार नाहीत. परत आल्यावर क्लेम पुन्हा उघडायचा. नवऱ्याला लॉगिन देऊन मागे सर्टिफाय करून घेतलं तर ते खोटं विधान ठरतं, उचललेल्या पैशांवर ३० टक्के दंड बसतो आणि पुढचे कित्येक आठवडे अपात्र ठरवतात. नव्या नोकरीचंही तसंच. मालकाला नवा माणूस घेतल्याचं २० दिवसांत राज्याला कळवावं लागतं, म्हणून रुजू झाल्यानंतरचे आठवडे लपत नाहीत. पहिला पगार यायचा असला तरी कामाचा पहिला आठवडा दाखवायचाच. प्रामाणिक चुकीने जास्त पैसे आले तर तसं लिहून कळव. परतफेड खरंच झेपत नसेल तर माफीसाठी अर्ज करता येतो, आणि जास्त दिल्याची नोटीस चुकीची वाटली तर तिच्यावरही अपील आहे.

काम शोधल्याची वही ठेव: तारीख, कंपनी, पद, कसा अर्ज केला, उत्तर काय आलं. राज्याच्या ‘कॅलजॉब्स’ साइटवर नाव नोंदवायला सांगतील, लगेच नोंदव. मुलाखतीला किंवा कार्यशाळेला बोलावलं आणि गेली नाहीस तर पैसे थांबतात.

पडद्यावर ‘पेंडिंग’ दिसायला लागलं की माणूस हातपाय गाळतो. पेंडिंग म्हणजे नाकारलं नव्हे, कुणीतरी ते अजून बघायचं आहे एवढंच. अशा वेळी पैसे येत नाहीत म्हणून सर्टिफाय करणं सोडू नकोस. मागाहून मंजुरी आली तरी सर्टिफाय न केलेल्या आठवड्यांचे पैसे मिळत नाहीत. फोनवर पात्रता-मुलाखतीची वेळ टपालाने येते. त्या दिवशी अनोळखी नंबर उचल आणि ते पत्र समोर ठेवूनच बोल. टपालपेटी रोज उघड. अपार्टमेंटमध्ये जाहिरातींच्या गठ्ठ्यात ईडीडीचं पाकीट हरवतं आणि मुदत मात्र चालूच राहते.

फोन लागत नाही ही खरीच अडचण आहे. सकाळी ८ला लाइन उघडते, त्या क्षणी लाव. त्याबरोबर ऑनलाइन लेखी प्रश्नही पाठव, म्हणजे तारखेसकट पुरावा राहतो. आणि बरेच आठवडे गेले तर तुझ्या भागातल्या स्टेट असेंब्ली सदस्याच्या कार्यालयात जा. वॉशिंग्टनच्या खासदाराकडे नाही, सॅक्रामेंटोच्या प्रतिनिधीकडे, कारण हे राज्याचं काम आहे. त्यांच्याकडे ईडीडीच्या अडलेल्या प्रकरणांसाठी माणूस असतो. तो तुझी सही असलेलं संमतिपत्र घेतो आणि आतून विचारणा करतो. यात कुणाचा वशिला नाही. मतदारसंघातल्या रहिवाशांसाठी हे काम ही कार्यालयं रोज करतात, आणि आपले लोक तिथे फारच कमी जातात.

तुझ्या टीममधल्या एच-वन-बीवरच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. भत्त्यासाठी काम करायची परवानगी पगार कमावताना तर हवीच, आत्ताही हवी. त्याची परवानगी कंपनीला बांधलेली, म्हणून तिथे बहुधा अडतं. त्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत आहे, त्यात नवा मालक किंवा दुसरा स्टेटस, आणि त्याने पहिला फोन वकिलाला करावा. तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, तुला अडचण नाही. वर्क परमिट हातात असलेल्या एच-फोर बायकाही अर्ज करू शकतात. हा भत्ता घेतला तर सरकारवर ओझं म्हणून पुढे नागरिकत्व अडेल, ही व्हॉट्सॲपवरची भीती आहे. हा कमावलेला विमा आहे आणि ‘पब्लिक चार्ज’मध्ये तो धरत नाहीत.

पैसे थेट खात्यात मागून घे, नाहीतर डेबिट कार्ड येतं आणि ते टपालात सांभाळायचं आणखी एक काम होतं. या भत्त्यावर कॅलिफोर्निया कर घेत नाही, केंद्र मात्र घेतं. सर्टिफाय करताना १० टक्के कापायचा पर्याय असतो, तो घे. नाहीतर जानेवारीत १०९९-जी हातात पडतो आणि एप्रिलमध्ये एकदम भरावे लागतात.

आज रात्री नावांचा तो कागद तयार कर, शेवटचा पे-स्टब आणि ले-ऑफचं पत्र शेजारी ठेव. उद्या सकाळी ९ला मी फोन करते, आपण प्रश्न एकेक करून वाचत अर्ज भरू.